कचारगडाचा दगड कोणी हलवला?

‘इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे’ हा मराठीतला एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे, असं मी हल्ली मानायला लागलोय. कथा, कविता, कादंबरी, आणि हा. याचा साचा पक्का आहे. आधी गाव कुठल्या शहरापासून किती किलोमीटरवर आहे ते सांगायचं. मग ‘निसर्गाच्या कुशीत वसलेलं’ म्हणायचं. मग एक सर्वांत मोठं किंवा सर्वांत जुनं काहीतरी. मग ‘अशी आख्यायिका आहे’. शेवटी ‘एकदा तरी अवश्य भेट द्या’. लेखकाचं नाव नसतं, असलं तरी फरक पडत नाही. मोबाइलवर दीड मिनिटात वाचून होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याला ती जागा आता माहीत आहे.

या लिखाणाची कोणी समीक्षा करत नाही. मला करायची आहे, कारण माझ्या जिल्ह्याबद्दल बाहेरच्या माणसाने वाचलेलं जवळपास सगळं याच प्रकारातलं असतं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. पुण्यात ऑफिसमध्ये अजूनही मला ‘गोंदिया म्हणजे छत्तीसगडला ना?’ असं विचारतात. अशा जिल्ह्याची ओळख चार ओळींवर चालते: नागझिरा, नवेगाव बांध, हाजरा फॉल आणि कचारगड. नवेगावचं नशीब बरं. तिथे मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले आणि त्या तळ्याला, तिथल्या पक्ष्यांना मराठीत एक लेखक मिळाला. कचारगडाला मात्र मराठीत मिळाला तो हा निनावी, चार ओळींचा लेखक.

कचारगड सालेकसा तालुक्यात आहे. मुंबई–हावडा लाइनवर गोंदिया सोडलं की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. इथे गाडी डोंगरात शिरते, बोगदा लागतो, पावसाळ्यात डब्यातल्या लोकांची हाजरा धबधब्यासाठी एका बाजूला गर्दी होते. ‘दरेकसा’ हे नाव बाकीच्या महाराष्ट्राने ऐकलंच असेल तर नक्षलवाद्यांच्या दरेकसा दलमच्या बातम्यांत. स्टेशनहून धनेगाव. धनेगावहून वर चढत गेलं की गुहा. माघ पौर्णिमेला इथे जत्रा भरते आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, झारखंड इथून गोंड माणसं येतात, लाखांच्या संख्येत. त्यांच्यासाठी हा उगम आहे. त्यांचा समाज, त्यांची गोत्रं, त्यांचा धर्म इथून बाहेर पडला.

आता चार ओळींचा लेखक काय म्हणतो ते पाहू. पहिली ओळ: आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा. हे वाक्य बातम्यांत, ब्लॉगवर, रीलच्या कॅप्शनमध्ये इतक्या वेळा आलंय की ते आता कोणाचंच राहिलेलं नाही. व्हिएतनाममध्ये सोन डूंग नावाची गुहा आहे. २००९ मध्ये तिचं मोजमाप झालं. काही ठिकाणी तिचं छत दोनशे मीटर उंच आहे, आत स्वतःचं जंगल आहे, आणि आकारमानात ती जगातली सर्वांत मोठी गुहा मानली जाते. व्हिएतनाम आशियात आहे. विषय संपला. कचारगडची गुहा मोठी आहे, आत उभं राहिल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. एवढं लिहिणं पुरेसं होतं, पण या साहित्यप्रकारात पुरेसं हे कधीच पुरेसं नसतं.

दुसरी ओळ: पंचवीस हजार वर्षं जुनी गुहा, आणि तिथे अश्मयुगीन हत्यारं सापडली. इथे दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या आहेत. दगडात गुहा तयार व्हायला लागणारा काळ आणि त्या गुहेत माणूस येऊन राहिल्याचा काळ, हे दोन वेगळे आकडे असतात. हत्यारं सापडली तर त्यावरून माणसाबद्दल काही कळेल, गुहेचं वय कळणार नाही. वाक्य लिहिणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा वाटला नाही, कारण त्याला वय सांगायचंच नव्हतं, थक्क करायचं होतं.

तिसरी ओळ माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट आहे, आणि ती सगळ्यात निरुपद्रवी दिसते: आदिवासी बांधवांचं श्रद्धास्थान. इथे वाचक समजुतीने मान हलवतो आणि पुढे जातो. कसली श्रद्धा, कोणावर, काय घडलं म्हणून, यातलं एकही अक्षर नाही. शिवनेरीबद्दल ‘मराठी बांधवांचं श्रद्धास्थान’ एवढंच लिहून कोणी थांबेल का?

‘गड’ या शब्दाचाही थोडा दोष आहे. मराठी वाचकाच्या डोक्यात गड म्हटलं की सह्याद्री, तटबंदी, बुरूज, चोरदरवाजा. माझ्या एका मित्राने कचारगडचे फोटो बघून पहिला प्रश्न विचारला होता: बुरूज कुठंय? बुरूज नाही. मग त्याचा रस गेला. आपल्याकडे इतिहास म्हणजे बांधलेलं काहीतरी. जिथे बांधलेलं काही नाही तिथे ‘आख्यायिका’.

तर ती आख्यायिका. आज जत्रेत सांगितली जाते ती थोडक्यात अशी. काली कंकालीची तेहतीस मुलं होती. शंभू शेकने त्यांना इथल्या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड दगड लावला. जंगो रायताडने त्या मुलांची काळजी वाहिली. पारी कुपार लिंगोला त्यांना सोडवायचं होतं, पण दगड हलेना. तेव्हा हिरासुका पाटारी नावाच्या वादकाने किंगरी वाजवायला सुरुवात केली. किंगरी हे तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. त्या सुरांनी आत कोंडलेल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून जोर लावला आणि दगड सरकला. सरकलेल्या दगडाखाली हिरासुका पाटारी सापडला आणि मेला. मुलं बाहेर आली. लिंगोने त्यांना शिकवलं, ती चहूकडे पसरली, आणि त्यांच्यापासून गोंडांची साडेसातशे गोत्रं झाली.

क्षणभर श्रद्धा बाजूला ठेवा आणि नुसती गोष्ट म्हणून वाचा. यात सुटका करणारा नायक दगडाला हात लावत नाही. कोंडलेलीच माणसं स्वतः दगड ढकलतात, त्यांना फक्त सूर मिळतो. आणि सूर देणारा त्या सुटकेत मरतो. मला जगातल्या कुठल्याही उगमकथेत याहून चांगला प्रसंग पटकन आठवत नाही. आणि आपल्या पर्यटनाच्या पानावर याचं काय होतं? ‘अशी आख्यायिका आहे.’

पण समीक्षा करायची तर एकाच बाजूने करून चालत नाही. ही कथा छापील स्वरूपात शोधत मागे गेलो की गोष्ट गुंतागुंतीची होते.

नागपूरमध्ये शिकलेल्या प्रत्येकाला हिस्लॉप कॉलेज माहीत असतं. ज्यांच्या नावाने ते आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश मिशनरी होते. त्यांनी नागपूरच्या आसपासच्या आदिवासींबद्दल खूप टिपणं जमवली. त्यात लिंगोचं दीर्घ गाणं होतं, एका परधानाकडून ऐकलेलं. परधान म्हणजे गोंडांची वंशावळ आणि गाणी सांभाळणारे गायक, किंगरी वाजवणारे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्यांची कागदपत्रं रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये नागपुरात छापली. मूळ गोंडी ओळी रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी भाषांतर. हे पुस्तक आज स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहे. मी ते लोकलमध्ये उभा राहून, पानं झूम करत वाचलंय.

त्यातली कथा वेगळी आहे. तिथे गोंडांना महादेव कोंडतो, आणि कारण असं की हे लोक अस्वच्छ आहेत, काहीही खातात, त्यांचा वास सहन होत नाही. खारीच्या मागे धावता धावता ते गुहेत शिरतात आणि महादेव तोंडावर दगड लावतो. चौघे निसटतात. लिंगो नंतर जन्मतो, त्या चौघांबरोबर राहतो, त्यांच्याच हातून मारला जातो, पुन्हा जिवंत होतो आणि मग कोंडलेल्यांना सोडवायला महादेवाकडे जातो. महादेव अट घालतो, एका भल्यामोठ्या पक्ष्याची पिल्लं आणून दे. लिंगो त्या पिल्लांना खायला आलेल्या सापाला मारतो, अट पुरी करतो, आणि परवानगी मिळाल्यावर दगड सरकतो.

फरक नीट बघा. तेहतीस मुलं नाहीत. आतून लावलेला जोर नाही. सुटका परवानगीने होते, पराक्रमाची परीक्षा देऊन. आणि कोंडणं ही इथे शिक्षा आहे, तीही अस्वच्छतेची, म्हणजे कोंडलेल्यांच्याच माथी मारलेली. ज्यांच्याबद्दल हे गाणं आहे त्यांनी स्वतःला असं म्हणून घेतलं असेल का, की परधानाच्या तोंडून हिस्लॉपच्या वहीत आणि वहीतून टेंपलच्या छापखान्यात येताना कथेला शेजारच्या हिंदू समाजाची नजर चिकटली? या गाण्यावर हिंदू कथांची छाप आहे हे इंग्रज वाचकांच्याही लक्षात आलं होतं. तरी १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांच्या जातीजमातींवरच्या मोठ्या ग्रंथात हीच कथा सविस्तर आली आणि पुढे कित्येक दशकं ‘गोंडांची उत्पत्तीकथा’ म्हणजे हीच असं ठरून गेलं.

आणखी एक बारीक गोष्ट. हिस्लॉपच्या गाण्यात काचीकोपा लोहगड हे नाव येतं. आज कचारगडशी जोडलं जातं ते हेच नाव, लोखंडाचा कच्चा धातू असलेला डोंगर या अर्थाने. पण त्या गाण्यात काचीकोपा लोहगड हा तुरुंग नाही. निसटलेले चौघे जिथे जाऊन राहतात ती ती जागा आहे. कोंडलं जातं ते धवलगिरीवर. म्हणजे एका कथेत जो आसरा, तोच दुसऱ्या कथेत कोंडवाडा. दोन्ही वाचल्याशिवाय हे दिसत नाही, आणि चार ओळींचा लेखक एकही वाचत नाही.

मधे एक विनोदी प्रकरणही आहे. जेम्स फॉरसिथ हा पचमढीचे डोंगर पालथे घालणारा इंग्रज अधिकारी. १८७१ मध्ये आलेल्या त्याच्या मध्य भारतावरच्या पुस्तकात त्याने लिंगोचं गाणं इंग्रजी पद्यात, बरंच छाटून, नव्याने रचलं. छंद घेतला लाँगफेलोच्या ‘हायावाथा’चा. लाँगफेलोने तो घेतला होता फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून. म्हणजे परधानाने गोंडीत गायलेलं गाणं फिनलंडच्या चालीवर, अमेरिकामार्गे, लंडनच्या वाचकाला मिळालं. वाचायला ते मजेशीर आहे, खोटं कशाला बोला. पण त्यात गोंडीचा आवाज शोधणं म्हणजे चायनीजच्या गाडीवर चीन शोधणं.

या सगळ्यानंतर येतात मोतीरावण कंगाली. त्यांच्याबद्दल लिहिताना मी जरा जपून लिहितोय, कारण मी गोंड नाही, आणि कचारगडाला येणाऱ्या कितीतरी लोकांसाठी ते लेखकाहून बरेच मोठे आहेत. कंगाली १९४९ मध्ये रामटेककडच्या भागात जन्मले, नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी केली, आणि नोकरी सांभाळून गोंडी भाषा, धर्म, गोत्रव्यवस्था यांवर आयुष्यभर लिहिलं, मुख्यतः हिंदीत. १९८०च्या दशकात ते आणि त्यांचे मोजके सहकारी झेंडा घेऊन कचारगडाला गेले. आज लाखोंची दिसणारी जत्रा त्या मोजक्या लोकांपासून वाढली. २०१५ मध्ये ते गेले. लिंगो आणि गोंडी पुनेम, म्हणजे गोंडी धर्म, यावरचा त्यांचा ग्रंथ हे आजच्या कचारगडाचं मूळ पुस्तक आहे. काली कंकाली, तेहतीस मुलं, हिरासुका पाटारी ही सगळी मांडणी त्यात एकसंध उभी राहते.

लेखक म्हणून कंगालींची मोठी कामगिरी ही की त्यांनी कथेचा कर्ता बदलला. शिक्षा भोगणारे अस्वच्छ लोक गेले आणि स्वतः दगड ढकलणारी मुलं आली. त्यांची पद्धत मात्र मला प्रत्येक वेळी पटत नाही. ते शब्दाची फोड करतात आणि त्या फोडीवर इतिहास उभा करतात. नावातलं अक्षर अमुक गोंडी शब्दासारखं वाटतं, म्हणून ती जागा आमची, म्हणून तो काळ इतका जुना. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते, असंही त्यांनी पुस्तक लिहून मांडलं. लिपीच्या अभ्यासकांनी ते स्वीकारलेलं नाही. ध्वनी जुळला म्हणजे मूळ सापडलं, असं नसतं. कोड लिहिताना दोन व्हेरिएबलची नावं सारखी असली म्हणजे आत किंमत सारखी असते असं धरलं तर प्रोग्राम चालेल, उत्तर चुकेल.

तरीही मला हे नीट वेगळं ठेवायचंय. कंगालींची व्युत्पत्ती कच्ची आहे म्हणून त्यांची कथा खोटी ठरत नाही. हिरासुका पाटारी त्यांनी टेबलावर बसून तयार केलेला नाही. हा वादक गोंडांच्या कथापरंपरेत आधीपासून आहे, परधान त्याला आपला पूर्वज मानतात. आणि इथे मला दोन्ही पुस्तकं एकमेकांशी बोलताना दिसतात. १८६६च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आहेत, संपादक टेंपल आहेत. ज्याने ते हजारभर ओळींचं गाणं मुखोद्गत ठेवलं आणि म्हणून दाखवलं, तो परधान मुखपृष्ठावर नाही. सूर त्याचा, आणि दगड सरकल्यावर खाली गेला तोच.

ज्यांना वाटतं की एका जागेची एकच अधिकृत कथा असलेली बरी, निदान गोंधळ तरी होत नाही, त्यांच्यासाठी इटलीतलं एक गाव. सिविता दी बान्योरेजो. तुम्ही ते रीलमध्ये बघितलं असणार: दरीच्या मधोमध मऊ ज्वालामुखी दगडाचा उंचवटा, वर मध्ययुगीन घरं, आणि तिथे जायला एक लांब, अरुंद पादचारी पूल. पूल १९६५चा. १६९५च्या भूकंपाने गावाचा मोठा भाग हलला, लोक शेजारच्या वस्तीत गेले, कडे अजून ढासळतायत. वर्षभर तिथे राहणारी माणसं डझनभर असतील. २०१३पासून गावात शिरायला तिकीट आहे. ‘इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे’ या प्रकाराला हवं ते सगळं तिथे आहे: कमान, चौक, चर्च आणि एक संत.

तो संत म्हणजे बोनाव्हेंतुरा. त्याच्या बालपणीच्या घराची जागासुद्धा कड्यासोबत केव्हाच दरीत गेली. पर्यटनाच्या पानावर त्याचं नाव आदराने येतं आणि तिथेच थांबतं. पुढची गोष्ट अशी: बोनाव्हेंतुरा १२५७ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाचा प्रमुख झाला. असिसीच्या फ्रान्सिसबद्दल तोवर वेगवेगळी चरित्रं फिरत होती आणि पंथात त्यावरून गट पडले होते. बोनाव्हेंतुराला अधिकृत चरित्र लिहायला सांगितलं गेलं, १२६३ मध्ये ते मान्य झालं, आणि १२६६ मध्ये पंथाच्या सभेने हुकूम काढला की आधीची सगळी चरित्रं नष्ट करावीत. फ्रान्सिसला प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांच्या आठवणी ज्यात होत्या, तीही. काही मठांच्या कपाटांत प्रती राहून गेल्या म्हणून आज आपल्याला त्यांची माहिती आहे. बरोबर सहाशे वर्षांनी नागपुरात लिंगोचं गाणं छापलं गेलं. हा निव्वळ योगायोग आहे, मी त्यातून काही काढत नाही. मला एवढंच दिसतं की इटलीतल्या त्या सुबक गावाची गोष्ट सुबक आहे, कारण ती सुबक करण्यासाठी एकदा कागद जाळायला सांगितले होते.

कचारगडावर अजून कोणी तसा हुकूम काढलेला नाही. पण दबाव दोन बाजूंनी आहे. एका बाजूला पर्यटनाचं पान, ज्याला आकडा हवा, गोष्ट नको. दुसऱ्या बाजूला जत्रेच्या मंडपातले काही वक्ते, ज्यांना हिस्लॉपचं नाव काढलं तरी आवडत नाही. तो मिशनरी होता, त्यात महादेव आहे, त्यात आमचा अपमान आहे, मग ते वाचायचं कशाला? राग मला कळतो. अपमान त्यात आहेच. पण त्याच पुस्तकात दीडशे वर्षांपूर्वीची गोंडी आहे, ओळीमागून ओळ, जशी एका गायकाच्या तोंडून आली तशी. गोंडीत इतकं जुनं आणि इतकं लांब छापील असं फार थोडं आहे. ते टाकून दिलं तर टेंपलचं काही जाणार नाही. जाणार तो पुन्हा परधानच.

२०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून जास्त होते. घटनेच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. लिप्या मात्र दोन आहेत, आणि दोन्ही तुमच्या हातातल्या फोनमध्ये दिसू शकतात. आमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. तेलंगणातल्या गुंजाळा गावात हस्तलिखितांत सापडलेली गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये आली. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कळतं की युनिकोडमध्ये येणं ही सुरुवात असते. कीबोर्ड लागतो, फाँट लागतो, आणि टाइप करायला मजकूर लागतो.

मजकूर आहे. १८६६च्या पुस्तकावर कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही. त्यातल्या गोंडी ओळी रोमनमधून देवनागरीत आणि या दोन लिप्यांत आणण्याचं काम मी शनिवार-रविवारी सुरू केलंय. बरंचसं स्क्रिप्टने होतं. अडतं ते उच्चारावर. एका स्कॉटिश माणसाच्या कानाने टिपलेला शब्द कुठे तोडायचा, कुठला स्वर लांबवायचा, हे पानाकडे बघून ठरत नाही. त्यासाठी माझी यादी आहे, सध्या दोनशे चौदा शब्दांची, आणि सालेकसा तालुक्यात गोंडी बोलणाऱ्या दोन आज्या. त्यातल्या एकीने पहिले वीस शब्द ऐकून अकरा दुरुस्त केले, तीन आपल्याकडचे नाहीत म्हणाली, आणि बाकीच्यांसाठी धान कापून झाल्यावर ये म्हणून सांगितलं.